फ्लॅटवाउंड म्हणजे मेलेली तार? बेसवाल्यांमध्ये फिरणाऱ्या सहा दाव्यांना उत्तर

बेस गिटार वाजवणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये एक मजकूर पुन्हा पुन्हा पुढे ढकलला जातो. त्यातले दावे असे: फ्लॅटवाउंड, म्हणजे बाहेरून चपटी पट्टी गुंडाळलेली तार (थोडक्यात फ्लॅट) मुळातच मंद वाजते. सगळ्या कंपन्यांच्या फ्लॅट सारख्याच. टणक आवाज हवा तर जाड गेज (तारेची जाडी) घ्या. उरलेली कसर मिक्सरवर ट्रेबल वाढवून भरा. एकदा लावलेली फ्लॅट आयुष्यभर चालते. आणि आवाज बसला तर तारा उकळून घ्या. हे वाचून सोलापुरातली ऑर्केस्ट्रातली मुलं फ्लॅटचा विचारच सोडतात, किंवा भलताच सेट मागवतात. इथल्या दुकानात फ्लॅटचा सेट क्वचितच हाताशी मिळतो, तो मागवावा लागतो आणि लावून पाहिल्यावर परत करता येत नाही. म्हणून एकेक दावा तपासून पाहू.

"फ्लॅट मुळातच मंद वाजते"

तारेची रचना आधी पाहा. मध्ये पोलादी गाभा, त्यावर गोल तारेचे आतले वेढे आणि सर्वांत बाहेर चपटी पट्टी. राउंडवाउंडमध्ये बाहेरचा वेढाही गोल तारेचाच असतो. चपट्या पट्टीमुळे बोट आणि फ्रेटचं (नेकवरच्या धातूच्या आडव्या कांड्यांचं) घासणं कमी होतं आणि 5,000 हर्ट्झच्या वरची चरचर जवळपास जाते. पण बेसची नोट गर्दीतून ऐकू येते ती साधारण 700 ते 3,000 हर्ट्झमधल्या ठोक्यामुळे. चांगल्या, नव्या फ्लॅटमध्ये हा भाग शाबूत असतो.

मंदपणाची ही समजूत मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतून आली. तिथला बेसवादक जेम्स जेमरसन याच्या बेसवर ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅट होत्या हे खरं. पण त्या तारा तो वर्षानुवर्षं बदलत नसे, ब्रिजच्या (बॉडीवर तारा अडकतात त्या भागाच्या) झाकणाखाली फोम असे, तारा फ्रेटबोर्डपासून उंच असत आणि तो एकाच बोटाने छेडत असे. त्या आवाजातला मोठा वाटा फोमचा आणि जुनेपणाचा आहे. उलट उदाहरणही प्रसिद्धच आहे: आयर्न मेडन या मेटल बँडचा बेसवादक स्टीव्ह हॅरिस रोटोसाउंड कंपनीच्या फ्लॅटच वापरतो आणि त्याचा बेस दोन-तीन गिटारींच्या वर खणखणीत ऐकू येतो. अमेरिकी बेसवादक कॅरल के फ्लॅटवर पिकने वाजवायची, तिथेही ठोका स्वच्छ आहे.

एक मात्र मान्य करायला हवं. अंगठ्याने थापून वाजवायच्या स्लॅपमधली काचेसारखी झणझण फ्लॅट देणार नाही. तुमचं निम्मं वाजवणं स्लॅपचं असेल, तर राउंडच घ्या.

"सगळ्या फ्लॅट सारख्याच"

हा दावा सर्वांत जास्त नुकसान करतो.

चमक ठरते ती पट्टीचा धातू, गाभा आणि वेढ्यांचं प्रमाण, गेज आणि ताण यांवर. डॅडारिओ कंपनीच्या क्रोम्स सर्वसाधारणपणे मिळणाऱ्या फ्लॅटमध्ये उजळ बाजूला येतात. ईसीबी 81 हा त्यांचा हलका सेट: 45, 65, 80, 100 (गेजचे हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात असतात). नव्या असताना तर काहींना त्या राउंडच्या जवळच्या वाटतात. रोटोसाउंडच्या जॅझ बेस 77 ची पट्टी मोनेलची, म्हणजे निकेल आणि तांब्याच्या मिश्रधातूची असते. तिच्यात मधल्या पट्ट्यातली गुरगुर आहे, पण ताण चांगलाच जाणवतो. एर्नी बॉलच्या कोबाल्ट फ्लॅटही उजळ बाजूच्याच.

थोमास्टिक कंपनीच्या जेएफ 344 वेगळ्या आहेत. पट्टी शुद्ध निकेलची, गेज 43, 56, 70, 100 आणि ताण खूप कमी. टोकाची चमक नाही, पण मधला भाग इतका मोकळा की नोट गाताना ऐकू येते. ज्यांचा हात जोरात पडतो त्यांच्या हाताखाली या तारा फ्रेटवर आपटतात. ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, थोडी वर घ्यावी लागते.

ला बेलाच्या डीप टॉकिन बेसची पट्टी स्टेनलेस स्टीलची, तरी आवाज गडद. म्हणून पाकिटावर 'स्टेनलेस' वाचून चमक गृहीत धरू नका. याच कंपनीचा कमी ताणाचा, 42 पासून सुरू होणारा सेट त्यापेक्षा बराच मोकळा वाजतो.

सोलापूरच्या ऑर्केस्ट्रात ढोलकी आणि ऑक्टापॅडसोबत वाजवणाऱ्याने पहिला सेट म्हणून क्रोम्स 45-100 घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. ढोलकीची धूम बाजू आणि बेसची खालची नोट एकाच जागी येतात. तिथे गडद फ्लॅट लावली की दोन्हींचा मिळून एक गोळा ऐकू येतो. पत्र्याच्या छताच्या मंगल कार्यालयात तर घुमीमुळे तो आणखी पसरतो. उजळ फ्लॅटचा ठोका ढोलकीच्या वर उठतो आणि बोट सरकल्याची चरचरही माइकपर्यंत जात नाही.

"टणक आवाजासाठी जाड गेज"

तार जाड झाली की ती ताठ होते. ताठ तारेचे वरचे स्वर लवकर विझतात आणि मूळ स्वराच्या नेमक्या पटीत बसत नाहीत. मूळ स्वर भरदार होतो, चमक कमी होते. हॅरिसच्या सहीचा सेट 50 ते 110 आहे हे खरं, पण तिथे हाताचा जोर आणि ॲम्पची मांडणीही आहे. आपल्याला पातळ बाजूकडूनच सुरुवात करायला हवी.

दुसरी गोष्ट ताणाची. चपट्या पट्टीत मोकळी जागा कमी, त्यामुळे त्याच गेजची फ्लॅट राउंडपेक्षा सहसा जड असते आणि त्याच सुराला जास्त ताणावी लागते. राउंड 45-105 काढून फ्लॅट 45-105 लावली की नेक पुढे वाकतो, ॲक्शन वाढते आणि दोष तारेला दिला जातो.

लावताना एकेक तार बदला. पूर्ण सुरात आणून बेस एक दिवस तसाच ठेवा. मग पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चाप) लावा, शेवटचा फ्रेट दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फट मोजा. ती 0.25 ते 0.35 मिमी हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतला दांडा) एका वेळी पाव फेराच घट्ट करा. त्यानंतर बाराव्या फ्रेटवर ई तारेखाली सुमारे 2.5 आणि जी तारेखाली 2 मिमी अंतर ठेवा. शेवटी बाराव्या फ्रेटवर इंटोनेशन (दाबलेल्या तारेचा सूर नेमका लागणं) पुन्हा जुळवा, कारण फ्लॅटला सॅडलची, म्हणजे ब्रिजवर तार टेकते त्या भागाची, जागा वेगळी लागते. सोलापूरच्या मे महिन्यातल्या कोरड्या उन्हाळ्यात लावलेला सेट पावसाळ्यात एकदा तपासा, दमट हवेत नेक हलतो.

कापण्याची घाई करू नका. खुंटीजवळ तार आधी काटकोनात वाकवा, मग वाकाच्या पुढे कापा. सरळ तार कापली तर पट्टी गाभ्यावरून सुटते आणि ती तार कायमची मेल्यासारखी वाजते. गोल गाभ्याच्या तारांत हा धोका जास्त. तार बॉडीतून ओवायची सोय असली तरी फ्लॅट ब्रिजवरूनच लावा. तीव्र वाकात पट्टी उघडते. मागवण्याआधी तार अडकते तिथपासून नटपर्यंतचं (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात तिथपर्यंतचं) अंतर मोजा. 34 इंची बेसला लाँग स्केल सेट लागतो आणि तारेच्या टोकाचं रेशमाचं वेष्टण नटच्या पलीकडे पडायला हवं.

"ट्रेबल वाढवा, झालं"

छोट्या मिक्सरवर 'हाय'चं बटण साधारण 10 ते 12 हजार हर्ट्झवर काम करतं. फ्लॅटमध्ये तिथे काही नसतंच, म्हणून फक्त हिस वाढतो. अनेक मिक्सरवर 'मिड' 2,500 हर्ट्झच्या आसपास असतो. तो तीन-चार डेसिबल वर न्या.

पण खरा चोर बहुतेकदा वेगळाच असतो. बॅटरी नसलेला, म्हणजे पॅसिव्ह बेस सरळ मिक्सरच्या लाइन इनमध्ये लावतात. त्या इनपुटचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विद्युत अडथळा) बऱ्याचदा 10 किलोओहम असतो. पिकअप म्हणजे तांब्याच्या तारेची गुंडाळी. वारंवारता वाढली की तिचा स्वतःचा अडथळाही वाढतो आणि 3,000 हर्ट्झला तो कित्येक दहा हजार ओहमवर जातो. मग सिग्नलचा वरचा भाग पिकअपमध्येच अडकतो. हजार हर्ट्झच्या आधीच कापणी सुरू होते. अशा जोडणीत नवी राउंडसुद्धा मंद वाजते. उपाय आहे 1 मेगाओहम इनपुटचा ॲक्टिव्ह डीआय बॉक्स (बेस आणि मिक्सरच्या मध्ये जोडायचा डबा), किंवा मिक्सरवर 'हाय-झेड' बटण असेल तर ते. केबल सहा मीटरच्या आत ठेवा, कारण प्रत्येक मीटरमागे साधारण 100 पिकोफॅराड कपॅसिटन्स वाढतो आणि वरचा आवाज गिळतो. एवढं केल्याशिवाय तारांवर पैसे घालू नका.

"फ्लॅट आयुष्यभर चालते"

चालते, पण चमकत नाही. राउंडसारखी घाण खाचांत साठत नाही, म्हणून आवाज हळू उतरतो. तरी नियमित वाजवल्यास सुरुवातीची धार काही आठवड्यांत उतरते, मग आवाज एका पातळीवर बरीच वर्षं टिकतो. गडद आवाज हवा असणाऱ्याला हे वरदान आहे. तुम्ही चमकीसाठी फ्लॅट घेत असाल तर 'कधी बदलायची नाही' हा हिशेब सोडा. लावल्यावर महिन्याभराने जो आवाज येईल, तोच खरा मानून निवड करा. घामट हात असणाऱ्यांनी प्रत्येक कार्यक्रमानंतर चारही तारा वरून आणि खालून कोरड्या सुती कापडाने पुसाव्यात.

"उकळून घ्या"

राउंडच्या खाचांतली घाण उकळल्यावर थोडी सुटते आणि आवाज थोडे दिवस परत येतो. फ्लॅटमध्ये पाणी पट्टीखालच्या वेढ्यांत शिरतं आणि सहज बाहेर पडत नाही. गाभा आतून गंजतो, टोकाचं रेशीम सैल होतं. फार तर कापडावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन तार वरवर पुसा. फ्रेटबोर्डवर आधी पातळ पुठ्ठा सरकवा, म्हणजे लाकडाला आणि पॉलिशला थेंब लागणार नाही.