धक्का खचवण्याची खात्रीची रीत

गेल्या सोमवारी आमच्या खाडीवरच्या धक्क्याला आडवी दोरी आणि ‘धोकादायक, प्रवेश बंद’ अशी पाटी लावलेली आढळली आणि पंधरा मिनिटांच्या तरीऐवजी एसटीने दोन तासांचा वळसा घ्यावा लागला. आपल्याही गावचा धक्का असाच खचावा, अशी ज्यांची मनीषा असेल, त्यांच्यासाठी त्या दोन तासांत सुचलेले उपाय येथे देत आहे.

सर्वप्रथम, पाण्यावर जेवढा दिसतो तेवढाच धक्का, असे मानावे. कठडे रंगवावेत, सौरदिवे बसवावेत. कोनशिला मात्र संगमरवरीच हवी.

तळाची पाहणी करणे भागच पडले, तर ती मे महिन्यातल्या निवांत पाण्यात करावी. पुरात खांबांभोवती पडलेले खड्डे प्रवाह मंदावल्यावर सैल गाळाने भरून येतात, त्यामुळे पाणबुड्याला तळ सपाट दिसतो आणि खांबाला आधार न देणाऱ्या त्या गाळावर ‘समाधानकारक’ असा शेरा मिळतो.

खांबांच्या बुडाशी दगड टाकायचे झाल्यास ते थेट वाळूवर ओतावेत. खाली जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारे, पण वाळू अडवणारे कापड) किंवा खडीचा गाळणथर अजिबात घालू नये, म्हणजे फटींतून वाळू निसटून दगड आपोआप रुततील.

रात्री खाडीतली वाळू उपसणारे सक्शन पंप चालू द्यावेत.

सर्वांत गुणकारी उपाय म्हणजे लहान होड्यांसाठी बांधलेल्या धक्क्यावर मोठी फेरीबोट आणावी. गाड्या चढेउतरेपर्यंत ती पंखे फिरते ठेवून धक्क्याला रेटून उभी राहते आणि पंख्यांचा झोत रोज त्याच जागी तळ उकरतो. नुसत्या वाहत्या पाण्यानेही एकट्या गोल खांबाभोवती वाळूत त्याच्या व्यासाच्या सुमारे १.३ पट खोल खड्डा पडू शकतो, हे अभियंत्यांना पाठ असते. जहाजांच्या झोतापासून धक्क्याचा तळ कसा राखावा, याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका २०१५ मध्येच निघाली आहे. बंदरांच्या प्रतिकृती करून पाणी कसे वागते ते तपासणारी संस्था आपल्याच खडकवासल्यात आहे. एवढे सगळे हाताशी असताना नवी बोट लावण्यापूर्वी तळ मोजायला कोणी अडवले होते? नारळ फोडायला मात्र सगळे हजर होते!

त्या तळाची खोली मोजायला सुरुवातीला एक दोरी आणि शिशाचे वजन पुरले असते. आमच्या तांडेलाने ती मोजलीही होती आणि दोन वर्षांपूर्वी लेखी अर्जात आकडे दिले होते. त्याची पोच त्याच्याकडे आहे. त्याला उत्तर काय पाठवलेत, तर कठड्यांच्या रंगकामास मंजुरी मिळाल्याचे. लाज वाटायला हवी होती.