पुराच्या बॅगेत नूडल्स नकोत: फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

पावसाळा तोंडावर आला की नदीकाठच्या गावांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो: "पुराची बॅग तयार ठेवा. इन्स्टंट नूडल्स, झटपट उपमा-पोहे, फरसाण, बिस्किटांचा मोठा पुडा, बाळासाठी दूध पावडर. सगळं टिकाऊ, चूल लागत नाही, एकदा भरली की वर्षभर बघायला नको."

बॅग तयार ठेवा, एवढं बरोबर आहे. खाण्याची यादी मात्र चुकीच्या कसोटीवर केली आहे. पदार्थ किती टिकतो हे नंतरचं. आधी बघायचं की तो पाणी किती मागतो. ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापुरात पंचगंगेच्या पुरात उपसा केंद्रंच बुडाली आणि चहूकडे पाणी असताना शहराचे नळ बंद पडले. तीन दिवसांचं पिण्याचं पाणी माणशी नऊ लिटर, म्हणजे नऊ किलो. एवढं ओझं पाठीवर टाकून कोणी गुडघाभर पाण्यातून निघत नाही. सोबत येतं ते दोन-तीन लिटर आणि क्लोरीनच्या गोळ्या. ते पाणी पिण्यासाठी राहायला हवं.

"नूडल्स सगळ्यात सोयीच्या." 70 ग्रॅमच्या पाकिटातून साधारण 300 कॅलरी मिळतात आणि त्याला 200 मिलीच्या आसपास पाणी लागतं. मोठ्या माणसाला दिवसाला 2000 कॅलरी धरल्या तर सहा-सात पाकिटं, म्हणजे सव्वा ते दीड लिटर उकळतं पाणी. निवाऱ्याला दिलेल्या शाळेच्या वर्गात दाटीवाटीने माणसं असताना स्टोव्ह पेटवणं धोक्याचं आहे. बहुतेक नूडल्स तळून वाळवलेल्या असतात, त्यामुळे कोरड्या चावून खाता येतात, हे खरं. पण मसाल्याची पुडी घातली की मिठाने तहान वाढते.

"उपमा, पोहे, खिचडी सगळं रेडी टू ईट मिळतं." इथे दोन वेगळ्या वस्तूंची गल्लत होते. पाकीट कानाशी धरून हलवा. कोरडं खुळखुळलं तर ते मिक्स आहे. त्याला उकळतं पाणी लागणारच. जाड, मऊसर पाऊच असेल आणि आत ओलं, जड काही हललं तर ते शिजवलेलं अन्न आहे. बंद पाऊचमध्येच 120 अंशांच्या आसपास तापवून ते निर्जंतुक केलेलं असतं. मागे 'गरम करा' लिहिलेलं असलं तरी थंड खाल्लं तर चालतं. वर थिजलेलं तूप दिसेल, त्याने काही बिघडत नाही. पाऊच फुगलेला असेल, किंवा घडीवर चिरून ओलसर लागत असेल, तर फेकून द्या. फोडला की एका बैठकीत संपवा. हे पाऊच जड असतात, म्हणून पहिल्या रात्रीपुरता माणशी एकच.

बाकी बॅग भरायला आपलं नेहमीचं कोरडं खाणं पुरतं. एका माणसाच्या एका दिवसाला फुटाणे 150 ग्रॅम, भाजके शेंगदाणे 100, गूळ 75, पातळ पोहे 100 आणि 50 ग्रॅम राजगिऱ्याचे लाडू. एकूण वजन पावणेपाचशे ग्रॅम, कॅलरी सुमारे 1900. चौघांचं तीन दिवसांचं खाणं सहा किलोंच्या आत बसतं. यात पाणी फक्त पोह्यांना, तेही थंड: 100 ग्रॅमला साधारण अर्धी वाटी शिंपडायचं, झाकून दहा मिनिटं ठेवायचं, वर गूळ आणि शेंगदाणे. जाडे पोहे घेऊ नका, त्यांना पाणी आणि वेळ दोन्ही जास्त लागतं. सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी उत्तम, फक्त भाकरी चपट्या डब्यात ठेवा, नाहीतर बॅगेत चुरा होतो. दात नसलेल्यांना फुटाण्यांऐवजी सातूचं पीठ द्या. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नका, घशात अडकतात. त्यांच्यासाठी कूट आणि लाडू. मधुमेह असेल तर गूळ कमी, फुटाणे जास्त.

फरसाणाबद्दल थोडक्यात: मीठ जास्त आणि तेल लवकर खवट. नको.

"मोठा पुडा स्वस्त पडतो." पडतो, पण जुलैच्या हवेत एकदा फोडला की दुसऱ्या दिवशी सगळा सादळतो. प्रत्येक जेवणाचं खाणं वेगळ्या छोट्या, हवाबंद पिशवीत बांधा.

मेसेजमधला सगळ्यात धोक्याचा मुद्दा दूध पावडरीचा. पावडर निर्जंतुक नसते. ती किमान 70 अंश गरम पाण्यातच कालवायला हवी, आणि निवाऱ्यात बाटली, बूच उकळायची सोय बहुधा नसते. गढूळ पाण्यात कालवलेल्या दुधाने तान्ह्याला जुलाब लागले तर काही तासांत जिवावर बेततं. अंगावर पिणारं बाळ अंगावरच पिऊ द्या. भीतीने दूध उतरायला थोडा वेळ लागेल, पण पाजत राहिलं की येतं. आईच्या वाट्याला रोज 500-600 जास्तीच्या कॅलरी आणि जास्तीचं पाणी द्या. बाळ वरच्या दुधावरच असेल तर उकळत्या पाण्याचा थर्मास, आणि बाटलीऐवजी वाटी-चमचा, तो धुवायला सोपा. वर्षावरच्या मुलांना 200 मिलीचे टेट्रापॅक चालतात.

"वर्षभर बघायला नको." भाजके शेंगदाणे दोनेक महिन्यांत खवट होऊ लागतात, पिठाला जाळी धरते. मे अखेर बॅग भरा, जुलै अखेर शेंगदाणे आणि पीठ बदला, गणपतीनंतर उरलेलं घरात खाऊन टाका. शेंगदाण्याला बुरशीचा वास आला किंवा दाणा काळपट दिसला तर धुऊन वापरू नका. बुरशीचं विष धुतल्याने जात नाही.

आणखी एक गोष्ट मेसेजमध्ये नाहीच. पुराचं पाणी म्हणजे गटाराचंही पाणी. ते लागलेला कागदी पुडा, पातळ प्लास्टिकची पिशवी, फिरकीच्या झाकणाची बरणी, सगळं टाकून द्यायचं. झाकणाच्या आट्यांत शिरलेली घाण निघत नाही. न फाटलेला जाड पाऊच आणि न चेपलेला, न गंजलेला पत्र्याचा डबा मात्र वाचवता येतो: साबणाने धुवा, क्लोरीनच्या पाण्यात पंधरा मिनिटं बुडवा, पुसा आणि मगच फोडा.