आजीची शाळा आणि वीसचा आकडा

माझी आजी यंदाच्या उन्हाळ्यात गेली. बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका तांड्यावर जिल्हा परिषदेची शाळा आहे; नोकरीची बहुतेक वर्षं तिने तिथेच काढली. घरात आजी, पण पंचक्रोशीत सगळ्यांची ‘बाई’. दहाव्याला आलेल्यांत ऊसतोडीला जाणारी जोडपी होती, एक एसटी कंडक्टर होती, तिच्याच हाताखाली शिकून शिक्षिका झालेल्या दोघी होत्या. आई फोनवर सांगत होती, बोलता बोलता सगळे एकाच प्रश्नावर आले: बाईंची शाळा बंद करणार का?

वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा राज्यात १४ हजारांहून अधिक आहेत. त्यांची मुलं जवळच्या मोठ्या शाळेत नेऊन ‘समूह शाळा’ करायच्या, यासाठी शिक्षण खात्याने २०२३ मध्ये प्रस्ताव मागवले आणि तेव्हापासून हा वाद धुमसतो आहे. समर्थक म्हणतात, एकाच खोलीत चार इयत्ता, खेळायला जोडीदार नाहीत, यात लेकरांचंच नुकसान. यात तथ्य आहे. पहिलीला पाटीवर गिरवायला बसवून चौथीचा भागाकार घ्यायचा, म्हणजे दोन्हीकडे अर्धं अर्धं लक्ष, हे आजी स्वतःच सांगायची. पट अठरा असताना तिला शाळेचा अभिमान होता, पण आणखी दहा लेकरं आली असती तर तिला हवीच होती.

तरीही शाळा तिथे असण्याचा अर्थ पटावरून कळत नाही. आजीचा जन्म निजामाच्या राजवटीतला. १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन होऊन ती राजवट संपली, तेव्हा ती चार-पाच वर्षांची होती. मुलीला शिकवायचं म्हणजे बाहेरगावी नातेवाइकांकडे ठेवायचं, आणि तेवढी ऐपत व मन असलेली घरं मराठवाड्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तिच्या वडिलांनी ते केलं. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि पुढच्या दोनेक वर्षांत ती नोकरीला लागली. १९७२ च्या दुष्काळात आईबाप खडी फोडायला जात, लेकरं सुकडीसाठी, म्हणजे तिथे वाटल्या जाणाऱ्या पौष्टिक खाऊसाठी, शाळेत येत. लेकरं शाळेत टिकली ती मात्र सुकडीमुळे नव्हे. धाकटं भावंड सांभाळायचं म्हणून मुली घरी राहतात हे ओळखून आजीने भावंडाला घेऊन या म्हणून सांगितलं. वर्गाच्या कोपऱ्यात गोधडीवर दोन-तीन तान्ही निजलेली असायची. तपासणीला आलेल्या साहेबांनी याबद्दल हटकलं, तर आजीने शांतपणे हजेरीपट पुढे केला.

दसरा झाला की ऊसतोडीचे मुकादम उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, वाटत आणि तांडा कारखान्याच्या वाटेला लागे. त्याआधी आठवडाभर ती रोज संध्याकाळी घरोघर फिरायची. ‘लेकराला आजीपाशी ठेव, मी बघते,’ एवढंच म्हणायची. ज्यांना आजीच नव्हती अशी दोन-तीन लेकरं आमच्या घरी राहायची. हंगामी वसतिगृहं फार पुढे आली. हे सगळं तिला जमलं, कारण शाळा तांड्यावर होती आणि कुठल्या घरी म्हातारी आहे, कुठे नाही, हे तिला पाठ होतं. अडीच किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेतल्या शिक्षकाला ते कसं कळणार? आणि पट मोजायचा कधी, तर ३० सप्टेंबरला. दसऱ्यानंतर किती लेकरं उरली आणि कोणी थांबवली, याला त्या आकड्यात जागाच नाही.

मी स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये राहते. इथेही दहा-बारा मुलांच्या शाळा आहेत आणि त्या बंद करण्यावरून भांडणंही आहेत. फरक आहे तो कायद्याचा. २०१० चा कायदा आणि २०१४ ची दुरुस्ती यांनी ग्रामीण शाळा बंद करू नये हे आधीच गृहीत धरलंय. बंद का करायची हे कौन्सिलने, म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेने, पटवून द्यायचं. दुसरे पर्याय तपासले का, गावावर काय परिणाम होईल, मुलं जाणार-येणार कशी, हे लेखी मांडायचं. निदान सहा आठवडे हरकती घ्यायच्या, जाहीर सभा घ्यायची, मुलांनाही विचारायचं. प्रस्ताव बारगळला तर पाच वर्षं तीच शाळा पुन्हा बंद करायला काढता येत नाही. सगळं आलबेल आहे असंही नाही. ‘तात्पुरती बंद’ म्हणून कुलूप लावायचं आणि ते वर्षानुवर्षं काढायचंच नाही, अशी पळवाट इथल्या कौन्सिल काढतात आणि पालक चिडतात.

हा देश श्रीमंत आहे, हे कोणी म्हणेल आणि ते खरंच आहे. आठ वर्षांखालचं मूल नेमून दिलेल्या शाळेपासून दोन मैलांपलीकडे राहत असेल तर कौन्सिल त्याला फुकट गाडी देते. आपल्याकडे ते परवडेल का, हा रास्त प्रश्न आहे. पण गावात येऊन सभा घ्यायला, कारण लेखी द्यायला कितीसा पैसा लागतो? शिक्षण हक्क कायद्याखालच्या नियमांनुसार प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. तांडा आणि मोठं गाव यांच्यात एक ओढा आहे. श्रावण-भादव्यात तो भरला की मोठी माणसंही अलीकडे थांबतात. मोठ्या शाळेत न्यायला गाडी देऊ म्हणणाऱ्याने ओढ्याचं काय ते सांगितलेलं नाही. आणि गाडी नाही आली तर सर्वांत आधी मुलगी घरी राहणार, हे आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. शाळा बंद करण्याआधी तिथल्या ग्रामसभेत सुनावणी व्हावी, आणि ती दसऱ्याच्या आत, माणसं गावात असताना. गाडीची जबाबदारी कोणाची, त्याचं नाव आणि हुद्दा आदेशात असावा. ग्रामसभेने नको म्हटलं तर पाच वर्षं तो विषय पुन्हा काढू नये. जिथे पालकांनाच मोठी शाळा हवी असेल तिथे खुशाल मोठी करा. तांड्यावरच्या शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आजीचीच विद्यार्थिनी आहे. समितीचा ठराव तिने तालुक्याला पाठवला आहे आणि सुनावणीची तारीख लेखी मागितली आहे.