शुभवर्तमान पडद्यावर आणताना

बायबलवर सिनेमा आला की वाद ठरलेला: 'शास्त्रात असं कुठे आहे?' हा प्रश्न विचारायचा हक्क श्रद्धावंतांना आहेच. पण आपण संवादांवर बोट ठेवत बसतो आणि खरी भर पडते ती शास्त्र जिथे गप्प राहिलंय तिथे.

फटक्यांचं घ्या. रोमन सुभेदार पिलाताने येशूला फटके मारवले, हे येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानकारांपैकी मत्तय, मार्क आणि योहान एका ओळीत सांगून पुढे जातात. २००४ च्या 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट'मध्ये मेल गिब्सनने तोच प्रसंग मिनिटामागून मिनिटं लांबवला. पात्रं अरामी आणि लॅटिन बोलतात म्हणून सिनेमा अस्सल वाटतो, पण त्यातले कितीतरी तपशील अ‍ॅन कॅथरिन एमेरिक या जर्मन ननच्या दृष्टान्तांवरून घेतलेले आहेत. गिब्सनच्या श्रद्धेवर माझा संशय नाही. तरी शुभवर्तमानकारांनी जिथे हात आखडता घेतला, तिथे आपण सढळ व्हायचं, याला मी निष्ठा म्हणणार नाही.

२००३ चा 'द गॉस्पेल ऑफ जॉन' दुसऱ्या टोकाला. योहानाचं शुभवर्तमान शब्दाला शब्द, जवळपास तीन तास. त्या मेहनतीबद्दल आदर वाटतो, पण निवेदकाने सांगितलेलंच पडदा पुन्हा दाखवत राहतो.

खरं तर याच योहानाने सिनेमावाल्यांसाठी केवढं ठेवलंय! अठराव्या अध्यायात येशूला पकडून नेलंय, थंडी आहे, महायाजकाच्या अंगणात चाकरांनी कोळशाचा विस्तव पेटवलाय, येशूचा शिष्य पेत्र तिथे शेकत उभा आहे आणि 'मी त्याचा शिष्य नाही' म्हणतोय. एकविसाव्या अध्यायात, येशू मेलेल्यांतून उठल्यावर, पहाटे तळ्याच्या काठी पुन्हा कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी, सोबत भाकर. तिथे येशू त्याच पेत्राला तीनदा विचारतो, 'माझ्यावर प्रीती करतोस काय?' योहान या दोन विस्तवांचा संबंध उलगडून सांगत नाही. दिग्दर्शकानेही सांगू नये. जेवण झाल्यावर पेत्राची नजर त्या निखाऱ्यांवर जाऊ द्यावी, बस्स. फ्लॅशबॅक नको, पार्श्वसंगीत तर नकोच.

इटालियन दिग्दर्शक पाझोलिनीला हे उमगलं होतं. स्वतःला नास्तिक म्हणवणाऱ्या या मार्क्सवादी माणसाने १९६४ साली एकट्या मत्तयावर सिनेमा केला. संवाद जवळजवळ सगळे मत्तयाचे, येशूच्या भूमिकेत अभिनयाचा अनुभव नसलेला एक विद्यार्थी. त्याने प्रसंग गाळले, क्रमही बदलला, तरी मला तोच मूळ ग्रंथाच्या सर्वांत जवळचा वाटतो, कारण रिकाम्या जागा त्याने रिकाम्याच ठेवल्या.

म्हणून चारही शुभवर्तमानं एकत्र कालवून एकच कथा करण्याला माझा विरोध आहे. येशूच्या जन्मप्रसंगी मत्तयाचे मागी लोक, म्हणजे पूर्वेकडून आलेले ज्ञानी, आणि लूकचे मेंढपाळ एकाच गोठ्यात उभे केले की दोघांचंही म्हणणं हरवतं. कुणी एकट्या मार्कावर सिनेमा करावा, अशी माझी फार इच्छा आहे. त्याच्या सर्वांत जुन्या पूर्ण हस्तलिखितांत शेवट सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीलाच होतो: स्त्रिया कबरेपासून पळत सुटतात आणि भीतीपोटी कुणालाच काही सांगत नाहीत. निर्माता म्हणेल, प्रेक्षक पुनरुत्थित येशूला पाहिल्याशिवाय उठणार नाहीत. तेवढ्या एका मुद्द्यावर दिग्दर्शकाने मुळीच मागे हटू नये.