घर सासऱ्यांच्या नावावर आहे, मग सुनेचं काय?

नमस्कार. आपला आक्षेप असा की, घर सासऱ्यांच्या मालकीचं असेल तर सुनेला तिथे राहण्याचा हक्कच नाही, बत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे ठरवून टाकलंय आणि मी उलटं लिहून म्हाताऱ्या आईवडिलांना घाबरवते आहे.

बत्रा निकाल तसाच होता. पण १५ ऑक्टोबर २०२० रोजी सतीशचंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्याच तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो कायद्याला धरून नसल्याचं सांगितलं. आहुजा खटल्यात घर सासऱ्यांचंच होतं. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातलं ‘सामायिक घर’ ठरायला नवऱ्याची मालकी लागत नाही. सून तिथे संसार मांडून, काही स्थिरपणे राहिली होती का, हे पाहतात. पाहुणी म्हणून चार दिवस येऊन गेली, तर ते यात बसत नाही.

मात्र घर तिचं होत नाही. हा हक्क अबाधित नाही, वृद्ध सासूसासऱ्यांच्या शांततेचाही विचार व्हायला हवा, हेही त्याच निकालात आहे. सासरे ताब्यासाठी दिवाणी दावा लावू शकतात. कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम १७(२) एवढंच म्हणतं, की कायदेशीर मार्गाशिवाय तिला बाहेर काढता येणार नाही.

आणि नेमकं इथेच बहुतेकांचं बिघडतं. सून माहेरी गेली की कुलूप बदलायचं, हा सल्ला कृपा करून कुणाला देऊ नका. ती कलम १२ खाली दंडाधिकाऱ्यांकडे जाते, कलम २३ खाली अंतरिम आदेश मागते, आणि तो एकतर्फी, म्हणजे समोरच्याचं म्हणणं न ऐकताही, मिळू शकतो. ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली सुनेला घराबाहेर काढण्याचा आडमार्गही तसाच फसतो: सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२०च्या एस. वनिता निकालानुसार त्या कायद्याने सुनेचा निवासहक्क आपोआप पुसला जात नाही, दोन्ही कायदे एकत्र वाचावे लागतात.

सुनांच्या बाजूनेही अर्ज कच्चे असतात. नुसती पोटगी मागितलेली, कलम १९ खालचा निवास आदेश राहूनच गेलेला. घर सासऱ्यांचं, पण अर्जात प्रतिवादी एकटा नवरा. कलम १९चा आदेश हवा तर हिंसाचार झाल्याचं न्यायालयाला पटावं लागतं, नुसता ‘मी सून आहे’ हा मुद्दा पुरत नाही. रेशनकार्ड, मुलांचे शाळेचे दाखले, त्या पत्त्यावरचं बँक पासबुक या कागदांनी वास्तव्य दाखवता येतं. ते घरातच राहिले तर नंतर हाती लागणं कठीण.

आपल्या ओळखीच्या त्या वृद्ध जोडप्याला खरंच वेगळं राहायचं असेल, तर वकिलाकडून कलम १९(१)(च) नीट समजून घ्यायला सांगा. सुनेला तशाच दर्जाचं दुसरं घर किंवा त्याचं भाडं देण्याची सोय त्यात आहे. हा प्रस्ताव मुलाकडून लेखी, घराच्या पत्त्यासह न्यायालयापुढे ठेवावा.