समुपदेशक नेमाल, पण खोलीभाड्याचं काय?

शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या मित्रांशी फोनवर हा विषय निघतोच. एक म्हणतो, आजची पोरं नाजूक झालीत. दुसरा म्हणतो, चला, निदान सुरुवात तर झाली. मी दुसऱ्याच्या बाजूने आहे. तरी जर्मनीतून हे ऐकताना एक गोष्ट खटकते. मनाचं बोलणं सुरू झालं की पैशाचं बोलणं बंद होतं.

राज्य सरकारने २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या बऱ्याच मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. चांगलंच झालं. पण खोली, मेस, बस, झेरॉक्स? महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज 'प्रलंबित' दिसत राहतो, राहण्या-जेवणासाठी मिळणाऱ्या सरकारी 'स्वाधार' योजनेचा हप्ता रखडतो, आणि घरमालक एक तारखेला दारात उभा. त्या मुलीला रात्री झोप येत नसेल, तर श्वसनाचे व्यायाम शिकवून किती फरक पडणार?

इथे जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही म्हणून पोरं मजेत, असंही कुणी समजू नये. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो खात्यात दाखवावे लागतात. आपल्याकडची अनेक पोरं ते कर्ज काढूनच दाखवतात. माझ्या ओळखीचा मराठवाड्यातला एकजण पार्सलच्या गोदामात रात्रपाळी करून सकाळी लेक्चरला जायचा. घरी व्हिडिओ कॉल लावायचा तो लायब्ररीतून, इस्त्रीचा शर्ट घालून. वर्गात जाणं बंद झालं तेव्हा त्याला घेऊन मी समुपदेशन केंद्रात गेलो. तिथल्या समुपदेशक बाईंनी झोपेबद्दल नंतर विचारलं. आधी विचारलं, भाडं किती महिन्यांचं थकलंय? त्याच मजल्यावर पैशाअडक्याचा सल्ला देणारी खोली होती. वसतिगृहही त्याच संस्थेचं, त्यामुळे थकबाकीचे हप्ते तासाभरात ठरले.

या संस्थेला श्टुडिरेंडनवेर्क म्हणतात. वसतिगृहं, खाणावळ, मानसिक सल्ला आणि बाफ्योग ही सरकारी मदत, सगळं तिच्याकडे. बाफ्योग निम्मं अनुदान, निम्मं बिनव्याजी कर्ज. फेड जास्तीत जास्त १०,०१० युरो. परदेशी मुलांना ते सहसा मिळत नाही, तो भाग वेगळा. शिवाय बाफ्योगच्या फायली इथेही रेंगाळतात आणि बाहेर थेरपिस्टची वेळ मिळायला महिनोन्‌महिने लागतात. जर्मनी म्हणजे स्वर्ग नव्हे.

आणि ही कल्पना काही जर्मनांचीच नाही. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी शिक्षणाइतकीच काळजी राहण्या-जेवणाची केली. त्यांच्या नावाची 'कमवा आणि शिका' योजना पुणे विद्यापीठात आजही चालते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की नवा समुपदेशक नेमताना त्याच्या हातात थोडे अधिकार द्या. परीक्षा फॉर्मची मुदत वाढवून देणं, मेसचं बिल महिनाभर थांबवणं, शिष्यवृत्तीच्या बाबूला थेट फोन लावणं. पुण्यात हेच काम करणारी माझी एक मैत्रीण वैतागली. "अरे, मग माझ्या दाराशी नुसती फॉर्मवाल्यांची रांग लागेल!"

लागू दे की. आज त्या दाराशी उभं राहिलेलं कुणी पाहिलं तर काय म्हणेल, म्हणून पोरं तिकडे फिरकतच नाहीत. फॉर्मच्या निमित्ताने तरी आत येतील.