पहिलीतल्या पोराला टाय कशाला?

मी गणवेशाच्या विरोधात नाहीये हे आधीच सांगून टाकते, कारण सोसायटीच्या ग्रुपवर नुसतं टायबद्दल बोलले तर दोघीतिघींनी लगेच शिस्त, समानता वगैरे ऐकवलं. अगं, समानता मला मान्यच आहे. आमच्या सासूबाई मराठी शाळेत बाई होत्या, त्या म्हणतात की कोणाचे वडील रिक्षा चालवतात आणि कोणाचे बँकेत साहेब आहेत ते पांढऱ्या शर्टात आणि निळ्या स्कर्टमध्ये पटकन कळायचं नाही. आणि सकाळी साडेसहाला घरात 'आज काय घालू' हा प्रश्नच नसणं हे काय सुख आहे, ते घोडबंदरला राहून सातच्या बसला मूल बसवणाऱ्या कुठल्याही आईला विचारा.

माझं म्हणणं एवढंच की पहिली ते चौथीचा गणवेश ठरवताना त्याचीच आधी परीक्षा घ्या. सहा वर्षांच्या पोराला तो स्वतःचा स्वतः घालता-काढता येतो का? आणि जुलैमध्ये ठाण्यात तो रात्रीत वाळतो का? यात नापास झाला तर शाळेच्या वेबसाइटवर कितीही गोड दिसू दे, तो बदलायला हवा.

आता टायचं बघा. इलॅस्टिकचा असतो मान्य, पण जूनच्या त्या चिकट उकाड्यात गळ्याशी वरचं बटण लावून, वर टाय, त्यावर आयकार्डची दोरी, कमरेला बेल्ट, शर्ट इन, आणि कापड कसलं तर टेरिकॉट, घाम शोषायचं नावच नाही. आमच्या ऑफिसात एसी असूनसुद्धा कोणी टाय लावत नाही, साहेबसुद्धा नाही! आणि हे पोर मधल्या सुट्टीत पकडापकडी खेळणार. बाथरूमला जायचं तर आधी बेल्टचं बक्कल, मग हुक, मग चेन, आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो. मग मुलं काय करतात तर पाणीच पीत नाहीत, बाटली भरलेली जाते तशी भरलेली परत येते. माझी लेक पहिलीत हेच करायची, आणि बाईंना सांग म्हटलं की लाज वाटते म्हणायची. इलॅस्टिकची पॅन्ट दिली तर कुठली शिस्त मोडते मला खरंच कळत नाही.

मुलींचं अजून वेगळंच. स्कर्ट द्यायचा, मग आत सायकलिंग शॉर्ट कंपल्सरी करायची, आणि वर दिवसभर 'नीट बस' सांगत राहायचं. म्हणजे मूळ कपडाच सोयीचा नाही हे आपल्याला माहितीये, पण तो बदलायच्या ऐवजी आपण मुलीला बदलतोय. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात वळयनचिरंगरा इथल्या सरकारी प्राथमिक शाळेने मुलगे-मुली सगळ्यांना सरसकट शर्ट आणि थ्री-फोर्थ पॅन्ट दिली. ते २०१८-१९ च्या सुमारास, आपल्याकडे त्याची चर्चा बरीच नंतर झाली. साधी सरकारी शाळा हं, इंटरनॅशनल वगैरे काही नाही. पोरींना पळता यावं, उड्या मारता याव्यात, बस्स.

वाळण्याबद्दल तर बोलायलाच नको. आमच्याकडे जुलैत चार चार दिवस ऊन दिसत नाही, बाल्कनीला ग्रिल आणि समोर दुसरा टॉवर, पंख्याखाली दोरी बांधून त्या ट्युनिकचा तो जाड पट्टा वाळवायचा आणि सकाळी उरलेली ओल इस्त्रीने मारायची. बुटांत पेपरचे बोळे. काळे बंद बूट आणि मोजे घालून पोरं पाण्यातून येणार आणि पाच तास तसेच ओल्या मोज्यात बसणार. काही शाळा पावसाळ्यात सँडल चालवून घेतात, त्यांच्या पाया पडायला पाहिजे.

बरं, हा सगळा संच घ्यायचा कुठून? तर शाळेने 'सुचवलेल्या' दुकानातून. सुचवलेल्या म्हणजे काय ते सगळ्यांना माहितीये. चेक्सची ती विशिष्ट शेड ठाण्याच्या बाजारात, जांभळी नाक्याला, अख्खी दुपार फिरलात तरी मिळणार नाही. सीबीएसईने २०१७ मध्येच शाळांना बजावलं होतं की पुस्तकं, गणवेश असल्या विक्रीचा धंदा करू नका. पण खिशावर लोगो शिवलेला असला की सूचना कितीही काढा, रांग त्याच दुकानात लागते. पूर्वी शिंपी खाली चांगली चार बोटं दुमडून द्यायचा, वाढत्या अंगाचं म्हणून, दरवर्षी उसवून लांबी वाढवायची, आणि मग तो शर्ट धाकट्याला. आता रेडिमेडला आत दुमडलेलं कापडच नसतं आणि धाकटा शाळेत जाईपर्यंत डिझाइन बदललेलं असतं.

खाजगीचंच असं आहे असंही नाही. सरकारी शाळांसाठी २०२३ मध्ये, दीपक केसरकर शिक्षणमंत्री असताना, 'एक राज्य एक गणवेश' आलं. २०२४-२५ ला कापडाची खरेदी राज्य पातळीवर एकत्र आणि शिलाई माविममार्फत, म्हणजे सरकारच्या महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत, बचत गटांच्या बायकांकडे, असं ठरलं. ऐकायला छान होतं, बायकांना काम मिळणार. पण पंधरा ऑगस्ट उलटला तरी कित्येक शाळांत गणवेश पोचलेच नव्हते, आणि जिथे पोचले तिथून मापाच्या तक्रारी, कोणाला ढगळ तर कोणाला आवळ. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने हे काम परत शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं. एका पोरामागे वर्षाला दोन गणवेशांचे मिळून ६०० रुपये, म्हणजे एकाचे ३००. त्यात शर्ट, पॅन्ट, शिलाई, सगळं बसवायचं. बचत गटाच्या बायकांना शिव्या घालून काय उपयोग, ज्या पोराचं माप घ्यायचं तेच त्यांच्यासमोर नव्हतं.

आणि आता माझा सगळ्यात आवडता विषय, कलर डे. गणवेश कशासाठी तर रोज वेगळे कपडे लागू नयेत म्हणून ना? मग रात्री साडेआठला ग्रुपवर मेसेज येतो, उद्या यलो डे. आषाढीला नऊवारी, दहीहंडीला पीतांबर, नवरात्रात नऊ रंग, फॅन्सी ड्रेसला भाजी व्हायचं (आमची गेल्या वर्षी भेंडी होती, भाड्याने आणली, डिपॉझिट वेगळं). आषाढीची दिंडी मला आवडते, खोटं कशाला बोलू, सासूबाई तर व्हिडिओ करून गावभर पाठवतात. पण ज्या घरात पिवळा फ्रॉक नसतो ते पोर त्या दिवशी गणवेशात येतं, आणि फोटोत बरोबर तेवढंच एक वेगळं दिसतं. समानता समानता म्हणणाऱ्यांनी या दिवसाचा फोटो बघावा.

उलट लग्नाहून आलेल्या मुलीच्या हातावर मेंदी दिसली की डायरीत रिमार्क. टिकली नको, बांगडी नको, मग ट्रॅडिशनल डेला तीच टिकली कंपल्सरी. सात वर्षांच्या मुलीने यातून काय समजायचं?

जुलैमध्ये आमची पीटीएची, म्हणजे पालक-शिक्षक संघाची, मीटिंग आहे. मी लेखी देणार आहे की चौथीपर्यंत टाय-बेल्ट बंद, सगळ्यांना इलॅस्टिकची पॅन्ट, कापड सुती मिक्स, पावसात सँडल, लोगो सुटा द्या आम्ही शिवून घेऊ, आणि कलर डे करायचाच असेल तर रंगीत कागदाचा बिल्ला वर्गातच बनवून गणवेशावर लावा. टायवर सगळ्यात जास्त वाद होणार हे आत्ताच दिसतंय, कारण निम्म्या पालकांनाच तो गोड वाटतो. ज्यांच्या शाळेत टाय बंद झालाय त्यांनी नक्की काय सांगून पटवलं ते खाली लिहा प्लीज, प्रिन्सिपलना अर्ज केला की आधी पालकांच्या सह्या घेतल्या? शाळेचं नाव नका टाकू, उगाच कोणाच्या मुलाला त्रास नको.